अठ्ठाविसावी सीट

वरच्या खोऱ्यातल्या विमानतळापासून खालच्या विमानतळापर्यंत हवेतून पंचवीस मिनिटं लागतात. रस्त्यानं जायचं तर मध्ये एक खिंड आहे. तिथून आठ ते दहा तास, तेही रस्ता उघडा असेल तर. हे वाक्य मी चौदा महिने रोज कुणाला ना कुणाला सांगत होतो. दोन्ही विमानतळांची नावं इथं लिहीत नाही. आता तिथं हौशी टुरिस्टसुद्धा उतरतात, म्हणजे गुपित काही राहिलेलं नाही. पण सवय ती सवय.

माझं ते शेवटचं पोस्टिंग. मी हवालदार कदम, गाव जिंतूर तालुक्यात, येलदरी धरणाच्या अलीकडे. बावीस वर्षं नोकरी झाली होती आणि गुडघे कुरकुरायला लागले होते. म्हणून मला वर पोस्टवर न पाठवता खोऱ्यातल्या ट्रान्झिट कॅम्पवर ठेवलं.

ट्रान्झिट कॅम्प म्हणजे फौजेचा एसटी स्टँड समजा. वरच्या पोस्टवरून सुट्टीला निघालेले जवान तिथं येऊन थांबतात आणि विमानाची वाट बघतात. हिवाळ्यात खिंड बर्फानं बंद असते. विमान हा एकच रस्ता. विमान येणार ते सकाळीच. दहानंतर खोऱ्यात वारा सुटतो, मग पायलट उतरत नाही. ढग असले तरी उतरत नाही. त्यामुळे विमान आलं तर आलं, नाहीतर बुखारीच्या शेगडीभोवती बसून पत्ते कुटायचे.

माझं काम मॅनिफेस्ट लिहिणं. उद्याच्या विमानात कोण बसणार त्याची यादी. वजन, हवामान बघून एअरफील्डवरून संध्याकाळी पाच वाजता सीटचा आकडा यायचा. तितकी नावं मी लिहायची, कॅम्पच्या सुभेदार साहेबांनी सही करायची, सहा वाजता फॉल-इनमध्ये, म्हणजे सगळे रांगेत उभे असताना, वाचून दाखवायची. नियम साधा होता. आधी आजारी. मग कम्पॅशनेट, म्हणजे ज्यांच्या घरी कुणी गंभीर आहे ते. मग बाकीची सुट्टीवाली मंडळी. एकाच गटात दोघं असतील तर जो आधी कॅम्पवर पोचला तो आधी. गेटवर येण्याची वेळ रजिस्टरला लागलेली असायची. तुम्हाला वाटेल यात काय डोकं लावायचं? मलाही तसंच वाटायचं.

फौजेत आपल्या मुलखाच्या माणसाला गिराईं म्हणतात. परभणी, हिंगोली, नांदेड, जालना असा कुणीही आला की तो माझा गिराईं. त्याला मी माझ्या खोलीत चहा पाजायचो, ज्वारीच्या भाकरीच्या गप्पा व्हायच्या. डिसेंबरात हिंगोलीकडचा एक जवान आला. त्याचा नंबर होता म्हणून त्याला सीट दिली. फॉल-इनमध्ये मागच्या रांगेतून कुणीतरी बोललं, "हवालदार साब के गिराईं को तो खिड़कीवाली सीट मिलती है."

शंभर माणसं हसली. सुभेदार साहेबही हसले. ते हरियाणाचे, मोठ्या मनाचे. नंतर मला म्हणाले, "कदम, दिल पे मत लेना."

मी नेमकं तेच मनाला लावून घेतलं. बावीस वर्षांत माझ्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. मी कानाला खडा लावला. त्या दिवसापासून बरोबरीचा मामला आला की माझ्या गिराईंचं नाव मी एक ओळ खाली लिहू लागलो. मला कुणी सांगितलं नव्हतं. नियमात तसं नव्हतं. माझा प्रामाणिकपणा सगळ्यांना दिसावा एवढीच खाज होती.

जानेवारीत, एका दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी नायक मिलिंद खिल्लारे कॅम्पवर आला. गाव सेलू तालुक्यात, देवगाव फाट्यापासून आत. वय एकोणतीस. उन्हानं आणि बर्फानं नाक सोललेलं, हसला की दात तेवढे पांढरे. त्याचे वडील सखाराम खिल्लारे पीडब्ल्यूडीत मैलकुली होते. जन्मभर रस्त्याचे खड्डे भरले आणि किलोमीटरच्या दगडांना चुना लावला. त्यांना हार्टचा झटका आला होता आणि परभणीला दवाखान्यात ठेवलं होतं. मिलिंदच्या हातात वीस दिवसांच्या कम्पॅशनेट लीव्हचा कागद होता.

मी मराठीत बोललो, गाव सांगितलं तसा त्याचा चेहराच बदलला. "दादा, तुमी येलदरीचे? मंग काय, घरीच आलो की."

"जेवलास का?"

"जेवण ऱ्हाऊ द्या. उद्या हाय ना फ्लाइट?"

"आकाश साफ आहे. येईल."

"किती टाइम लागतो?"

"पंचवीस मिनिटं."

"बास?" तो म्हणाला. "देवगाव फाट्याहून सेलूला जायला तेवढा टाइम लागतो."

तीन वाजून तीस मिनिटांनी दुसरी गाडी आली. तिच्यात सिपाही नेगी होता, गढवालचा. त्याची आई शेवटच्या घटका मोजत होती. त्याच्याकडेही कम्पॅशनेटचा कागद.

पाच वाजता आकडा आला, अठ्ठावीस. वरची सत्तावीस नावं ठरलेली होती. अठ्ठाविसाव्या सीटला दोन माणसं उरली. नियमानं ती मिलिंदची होती, वीस मिनिटांच्या फरकानं. मी पेन हातात धरून बसलो. मागच्या रांगेतलं ते वाक्य कानात होतं. अठ्ठावीसला मी नेगी लिहिलं. एकोणतीसला खिल्लारे. सुभेदार साहेबांनी माझ्यावर विश्वास टाकून सही केली, रजिस्टर बघितलंही नाही.

फॉल-इननंतर मिलिंद आला. तक्रार करायला नाही, विचारायला. "दादा, माझं नाव न्हाई आलं?"

"परवा नक्की. पहिला नंबर तुझा."

"चालंल," तो म्हणाला. "एका दिवसानं काय व्हतंय."

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी विमान नेगीला घेऊन गेलं. मिलिंद आणि मी धावपट्टीच्या कडेला उभे होतो. साडेअकराला पश्चिमेकडून ढग आले. दोन वाजता बर्फ सुरू झाला.

तो बर्फ सात दिवस पडला.

कोंडलेपण म्हणजे काय हे घरात बसून कळत नाही. पाऊस लागला तरी आपल्याकडे माणूस डोक्यावर पोतं घेऊन चौकात जाऊन येतो. तिथं बराकीचं दार सकाळी फावड्यानं मोकळं करावं लागायचं. बराकीपासून लंगरपर्यंत छातीइतक्या बर्फात चर खणला होता. त्या चरातून जायचं, जेवायचं, त्याच चरातून परत. चाळीस माणसांच्या बराकीत एकशे दहा माणसं. बुखारीवर वाळणाऱ्या मोज्यांचा वास, रॉकेलचा धूर, आणि दर अर्ध्या तासाला कुणीतरी दार उघडून वर बघायचं आणि शिवी हासडून आत यायचं. चौथ्या दिवशी दोन धडधाकट माणसं लुडोवरून एकमेकांच्या अंगावर धावून गेली. रोज पाच वाजता मी मॅनिफेस्ट लिहायचो. रोज पहिलं नाव नायक मिलिंद खिल्लारे. रोज सकाळी तो कागद रद्द.

ट्रान्झिट कॅम्पवर एक समजूत होती. ज्यानं बॅगेचं कुलूप उघडलं, तो अडकला. मिलिंद असल्या गोष्टी मानणाऱ्यातला नव्हता. त्यांच्या घरात नवस नाही, अंगारा नाही. पण त्यानंही कुलूप उघडलं नाही. माझा साबण, माझा टॉवेल, माझ्या डब्यातलं तेल वापरलं. बॅग उशाशी, पट्टे आवळलेले. बूट घालूनच झोपायचा.

सिग्नलवाल्यांच्या खोलीत एक फोन होता. माणशी तीन मिनिटं. दुसऱ्या दिवशी बोलून आला. "बाशी बोललो. वाट बघायलाय. नर्सला सारखा इचारतो म्हणे, पोरगं कुठवर आलं?" तिसऱ्या दिवशी कळलं, वडिलांना संभाजीनगरला हलवलंय, ऑपरेशन करायचंय. त्या दुपारी फोनची लाइन तुटली. पुढचं कुणालाच काही कळेना.

पाचव्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास विमानाचा आवाज आला. सगळी बराक बाहेर धावली. काही जण तर नुसत्या मोज्यांवर. वर पांढरं छत, विमान दिसेना. आवाज एकदा डोक्यावरून गेला, वळला, पुन्हा आला. पायलट ढगात फट शोधत होता. दहा-बारा मिनिटं आम्ही माना वर करून उभे होतो. मग आवाज लांब गेला आणि थांबला.

मिलिंद तिथंच उभा राहिला. मग म्हणाला, "पंचवीस मिनिटं म्हणता ना दादा तुमी. बा रस्त्यावर काम करायचा तवा म्हणायचा, दगडावर नुसतं अंतर लिहितेत. पूल वाहून गेला तर दगडाला काय ठाव."

मला तेव्हाच सांगायचं होतं. सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं मला दोन शिव्या दिल्या असत्या, कदाचित एक मुस्काटातही. दोघांचं बरं झालं असतं.

सातव्या दिवशी दुपारपासून बर्फ थांबला. आठव्या दिवशी सकाळी सहाला सुभेदार साहेबांनी फॉल-इन घेतला. रस्ता साफ करणाऱ्या डोझरनी खिंडीत एका गाडीपुरती वाट काढली होती. पाच गाड्यांचा कॉन्व्हॉय जाणार होता. कम्पॅशनेटवाल्यांपैकी ज्याला जायचं त्यानं पुढं यावं, जबरदस्ती नाही. आठ जण पुढं आले. मिलिंद पहिला, बॅग खांद्यावर घेऊनच.

मी त्याला बाजूला घेतलं. हवामानाचा रिपोर्ट माझ्याकडे आला होता. "आजचा दिवस थांब. उद्या सकाळी विमान येतंय. रिपोर्ट चांगला आहे."

तो माझ्याकडे बघून हसला. त्या हसण्यात राग नव्हता, म्हणूनच ते अजून टोचतं. "दादा, तुमी मागंबी 'परवा नक्की' म्हणले होते."

"रस्ता चांगला नाही, मिलिंद. ताजा बर्फ आहे वर."

"बाला मुखाग्नी द्यायला तरी पोचतो. हितं बसून याड लागायची पाळी आली."

त्याच्या मूव्हमेंट ऑर्डरवर, म्हणजे कॅम्प सोडायच्या कागदावर, मी वेळ घातली. शून्य सहा चाळीस. तिसरी गाडी.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी रेडिओ बोलला. मी सिग्नलच्या खोलीत होतो.

"कॉन्व्हॉय फॉर कॅम्प. बर्फ का स्लाइड आया है. ओव्हर."

"कॅम्प फॉर कॉन्व्हॉय. कौन सी गाड़ी? ओव्हर."

"तीसरी. नीचे चली गई है. ओव्हर."

"कितने आदमी? ओव्हर."

थोडा वेळ नुसती खरखर. मग, "पाँच. ढूँढ रहे हैं. आउट."

वर असलेल्या डोझरपार्टीनं आणि कॉन्व्हॉयच्या माणसांनी हातानं, फावड्यांनी, जेवणाच्या थाळ्यांनी खणलं. एक वाजेपर्यंत तिघं जिवंत निघाले. दोन वाजता ड्रायव्हर लान्स नायक थापा मिळाला. तो गेला होता. तीन वाजून दहा मिनिटांनी मिलिंद मिळाला. बरोबर आठ दिवसांपूर्वी, याच मिनिटाला तो माझ्या गेटमधून आत आला होता. मी हे मुद्दाम जुळवत नाही. दोन्ही वेळा रजिस्टरला माझ्याच अक्षरात आहेत.

नवव्या दिवशी आकाश धुतल्यासारखं निळं होतं. आदल्या संध्याकाळी पाच वाजता मी मॅनिफेस्टचं पहिलंच नाव लिहून थांबलो, तेव्हा सुभेदार साहेबांनी पेन काढून घेतलं आणि उरलेली नावं स्वतः लिहिली. ते पहिलं नाव मिलिंदचं. एस्कॉर्ट म्हणून कुणाला पाठवायचं हा प्रश्न नव्हता. फौजेत मयताबरोबर शक्यतो गिराईंच देतात, घरच्यांशी त्यांच्या भाषेत बोलायला कुणीतरी हवं म्हणून.

सात वाजून बारा मिनिटांनी विमान उडालं. मी मिलिंदच्या पेटीशेजारी बसलो होतो. खिडकीतून ती खिंड दिसली, डोझर दिसला, काडेपेटीएवढा. सात वाजून सदतीस मिनिटांनी चाकं टेकली. चौदा महिने दुसऱ्यांना सांगितलेली पंचवीस मिनिटं त्या दिवशी मी पहिल्यांदा घड्याळ हातात धरून मोजली.

पुढं मोठ्या विमानानं दिल्ली, तिथून संभाजीनगर, मग गाडीनं जालना, मंठा, देवगाव फाटा. फाट्यावर दुकानं बंद होती आणि लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे होते. गावात पोचलो तर ओसरीत बाजेवर एक म्हातारा माणूस ताठ बसलेला. मनगटावर सलाइनची चिकटपट्टी. ऑपरेशन झालं होतं. तीन दिवसांपूर्वीच डॉक्टरांनी धोका टळल्याचं सांगितलं होतं. ज्याला शेवटचं बघायला मिलिंद निघाला होता, ते सखाराम नाना त्याची पेटी दारात यायची वाट बघत बसले होते.

सगळं झाल्यावर मिलिंदची बॅग त्यांच्यापुढं ठेवली. कुलूप नानांनीच उघडलं. सगळ्यात वर दोन किलो जर्दाळू होते, पिशवीवर "बा" लिहिलेलं. नानांनी पिशवी मांडीवर घेतली आणि मला विचारलं, "किती लांब व्हतं ते?"

"विमानानं पंचवीस मिनिटं, नाना."

"मंग आठ दिस का लागले?"

"हवामान खराब होतं."

हे खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं.

नंतर मी निवृत्त झालो. परभणीत घर बांधलं. दर जानेवारीत मिलिंदच्या दिवशी देवगाव फाट्यावर उतरायचं, तिथून आत जायचं, असा शिरस्ता पडला. भन्तेजी येतात, वंदना होते, जेवण होतं. आणि निघताना नाना दर वर्षी तोच प्रश्न विचारायचे. "किती लांब व्हतं ते?" मी तेच उत्तर द्यायचो. म्हाताऱ्या माणसाला विसर पडतो, असं मी स्वतःला समजावत आलो.

यंदा माझी पुतणी मनीषा नवऱ्याबरोबर तिकडं फिरायला जायचं ठरवत होती. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. फोन माझ्यासमोर धरून म्हणाली, "काका, बघा की, दोन्ही विमानतळांचं अंतर टाकलं तर हितं दाखवायलाय. उड्डाण पंचवीस मिनिटं. बरोबर हाय का? तुमी होते ना तिथं?"

मी चष्मा लावून बघितलं. अंतर होतं, मिनिटं होती, दोन टिंबांमध्ये एक सरळ रेघ होती. "बरोबर आहे," म्हणालो आणि चष्मा काढून भिंतीकडे तोंड केलं. मनीषा घाबरली, पाणी आणायला धावली. त्या रेघेत सगळं बरोबर होतं. चूक माझ्या कागदात होती, आणि ती माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हती.

जानेवारीला अजून चार महिने होते. मी दुसऱ्याच दिवशी सकाळच्या एसटीनं निघालो.

नाना ओसरीतच होते. अवेळी आलेला बघून म्हणाले, "हवालदार? आज कसं काय?"

मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं, रिपोर्ट देतात तसं. "नाना, मिलिंद वीस मिनिटं आधी आला होता. अठ्ठाविसावी सीट त्याची होती. मी त्याचं नाव एकोणतीसला लिहिलं. तो दुसऱ्याच दिवशी सकाळी पोचला असता."

"का लिहिलं?"

"तो माझ्या मुलखाचा होता म्हणून. लोक म्हणाले असते, कदम आपल्या माणसाला सीट देतो."

अंगणात मिलिंदची भावजय ज्वारी पाखडत होती, तिचे हात थांबले. मग नाना म्हणाले, "त्याचा फोन आल्ता मला दवाखान्यात. म्हणला, बा, काळजी करू नको. यादी लिहिणारा आपल्याकडचाच माणूस हाय. मी आलोच."

मी खाली बसलो. रडलो, हे लिहायला लाज वाटत नाही.

"म्हून तर दर साली इचारायलो व्हतो," नाना म्हणाले. "यादीचं काय झालं ते तुमीच सांगताल म्हून. लय वरसं लावली तुमी."

"चुकलं, नाना."

"चुकलं तर हायच." त्यांनी विचारलं, "ज्याला शीट दिली, तो पोचला का?"

नेगीचं पत्र मला निवृत्तीआधी आलं होतं. "पोचला. आई दुसऱ्या दिवशी गेली. पण भेट झाली. तिनं त्याला ओळखलं."

नानांनी मान हलवली. दोनदा. सुनेला म्हणाले, "चहा टाक, यांच्यासाठी बी." मग माझ्याकडे न बघता, "मंग शीट वाया न्हाई गेली."

निघताना त्यांनी अंतर विचारलं नाही.

त्या दिवशी खिंडीत दोघं गेले. नियमानं जी ओळ ज्याची, ती त्याला इथं देतो.

नायक मिलिंद सखाराम खिल्लारे. गेटवर आगमन, पंधरा दहा.

लान्स नायक थापा, ड्रायव्हर, तिसरी गाडी.